नव्या तांदळाचं जुनं नाव

कोरियन दुकानात तांदळाच्या पोत्यांपाशी बाई उभ्या दिसल्या की ओळखीची माणसं कार्ट वळवून दुसऱ्या रांगेने जात. मला हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेत नेपरव्हिलला मुलाकडे येऊन मला थोडेच महिने झाले होते. त्या दुकानात मुळा आणि पालेभाजी चांगली मिळते म्हणून सून मला तिथे घेऊन गेली होती.

पोत्यांपाशी एक ठेंगणी म्हातारी, पुरुषी कोट घातलेली, एका नवरा-बायकोला अडवून उभी होती. नवऱ्याच्या तोंडासमोर तिने छोटा आरसा धरला होता. तो काहीतरी म्हणे, ती मान हलवी, तो पुन्हा म्हणे. बायको बाजूला उभी राहून हसत होती. ती दोघं सुटली आणि म्हातारी माझ्याकडे वळली.

"तू. म्हण, हेप्साल."

मी अनोळखी माणसाशी बोलत नाही. आपल्या माणसांशीही बेतानेच बोलते. पण आरसा तोंडासमोर आला होता, म्हणून म्हटलं. "हेप्साल."

"ओठ मिटले का?"

मी आरशात पाहिलं होतं. मिटले होते. मी मान डोलावली. तिला इतका आनंद झाला की तिने माझा दंड दाबला. सून धावत आली. "आई, चला. काही बोलल्या का तुम्हाला? जरा सटकलेल्या दिसतायत."

पुढच्या आठवड्यात बर्फ पडला आणि शेजारच्या घरातून तोच कोट बाहेर आला. कोट नवऱ्याचा होता, तो वारला होता. बर्फाचं फावडंही त्याचंच होतं, ते मोडलं होतं. नवं आणायला बाई तयार नव्हत्या. केर भरायच्या सुपलीने त्या घरापासून रस्त्यापर्यंत बर्फ काढत बसल्या. दुपार झाली तरी काढत होत्या. मुलगा म्हणाला, "आई, मी जाऊन मशीनने काढून देऊ का?" तो गेला आणि तसाच परत आला. "नो म्हणाल्या. एवढंच."

मी त्यांना बाई म्हणू लागले, कारण त्यांनी मला शिकवलं. त्या एका कॉलेजात जुनी कोरियन भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पोस्टाच्या पेटीपाशी एकदा त्यांनी मला गाठलं आणि म्हणाल्या, तू दिवसभर घरात, मी दिवसभर घरात, दहा वाजता ये, इंग्रजी शिकवते. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी चाले. इथे ते मी आपल्या भाषेत लिहिते आहे.

"किती शिकलीस?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"चौथी."

"म्हणजे वाचता येतं. पुरे."

इंग्रजी शिकवायला बसत आणि तासाभरात गाडी तांदळावर जाई. मी काही तक्रार केली नाही. तांदूळ मला कळत होता.

त्यांचं म्हणणं मला समजलं ते असं. कोरियन माणूस आज तांदळाला स्साल म्हणतो. म्हणताना ओठ उघडेच असतात. पण त्या वर्षीच्या नव्या तांदळाला म्हणतो हेप्साल. चिकट तांदळाला चाप्साल. मध्येच ओठ मिटतात. हा प आला कुठून? नव्याच्या शब्दात तो नाही, चिकटच्या शब्दातही नाही. तो तांदळाचाच आहे. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी त्यांच्या एका राजाने अक्षरं बनवली, तेव्हा लोक तांदळाला प्सल म्हणत आणि तसंच लिहीत. त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी एक चिनी माणूस त्या देशात गेला होता. लोक कशाला काय म्हणतात ते त्याने आपल्या अक्षरांत उतरवून घेतलं. तांदळापुढे त्याने जी अक्षरं लिहिली ती पोसाल अशी वाचतात. बोधिसत्त्वाला ते जी अक्षरं वापरतात, तीच.

"म्हणजे देव?" मी विचारलं.

"नाही. त्याला फक्त आवाज लिहायचा होता. हाताशी ती अक्षरं होती." बाई देवाला असं सहज बाजूला सारत.

"आणि त्याच्या आधी?"

त्यांनी हात पसरले. "तिथे लिहिणारं कुणी नव्हतं. जेवणारे होते."

नंतर कधीतरी सुरुवातीचा प गळला. शब्द एकटा उभा असला की तो ऐकू येत नाही. पण त्याच्या आधी दुसरा शब्द येऊन उभा राहिला की जुना प त्याला धरून राहतो. लोक रोज तो उच्चारतात आणि त्यांना पत्ता नसतो. बाई दुकानात आरसा घेऊन उभ्या राहत त्या यासाठी. "तुझे ओठ कुणी मिटले?" असं त्या लोकांना विचारत. "तू नाही मिटलेस. तुझ्या पणजीच्या पणजीने मिटले."

लोकांना घाई असे. पार्किंगमध्ये मुलं थांबलेली असत.

विक्रीचे फोन आले की सगळे कापतात. बाई खुर्ची ओढून बसत. समोरच्याला पूर्ण बोलू देत आणि मग विचारत, तुझी आजी कुठली? ती तांदळाला काय म्हणायची? एकदा मी समोर असताना स्पीकरवर गाडीचा विमा विकणारा एक मुलगा होता. बोलण्यावरून आपल्याकडचा वाटला. बाईंनी फोनवर हात ठेवून मला डोळा मारला. तो मुलगा आधी गोंधळला, मग हळूच म्हणाला, "चावल, मॅडम. आजी भात म्हणायची." नंतर तो विम्याचं बोललाच नाही. बराच वेळ आजीबद्दल बोलला.

त्यांच्या स्वयंपाकघरात बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण अक्षरं सगळी जुनी, आज कुणी वापरत नाही अशी. त्यांची मुलगी कॅलिफोर्नियात चिप बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या कामावर होती. ती आली की तिलाही ती वाचता येत नसत. प्रत्येक बरणी उघडून वास घ्यावा लागे. "आई, लेबल कशासाठी असतं?" ती विचारी. बाई म्हणत, "घाई करू नये यासाठी."

एकदा माझा मुलगा उत्साहाने त्यांच्याकडे आला. मी घरी सांगितलं होतं की आपल्याकडे जुनी माणसं भाताला साळ म्हणतात आणि यांचा स्साल, किती सारखं आहे. त्याने फोनवर शोधलं आणि त्याला मोठाच खजिना मिळाला. "मॅम, संस्कृतमध्ये शालि आहे. तुमचा शब्द आमच्याकडूनच गेला असं लिहिलंय. लोकांनी व्हिडिओ केलेत." मलाही आतून फार वाटत होतं की तसं असावं.

बाईंनी चष्मा काढला. "तुझ्या शालिमध्ये प कुठे आहे?"

"म्हणजे?"

"माझा शब्द जितका मागे नेता येतो तितका नेला, तर सुरुवातीला प सापडतो. तुझा शब्द मागे ने आणि प दाखव."

मुलाने फोन वरखाली केला. "नाहीये बहुतेक."

"मग जा घरी. बाजारात तोंडावळ्याने सारख्या दोन बायका दिसल्या म्हणून त्या बहिणी होत नाहीत."

"ओके मॅम," म्हणून मुलगा हसत गेला. वाटेत मला म्हणाला, "आई, तुझ्या बाई डेंजर आहेत." मला हसू आलं नाही. खोटं नातं त्या कुणाचं मानणार नाहीत, माझंही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वाईट वाटलं, पण त्यांच्याबद्दलचा विश्वास वाढला.

त्यांच्या घरात वरच्या फळीवर कोपऱ्यात एक तपकिरी मातीचं भांडं होतं. तोंडाला पांढरा कागद, वर दोरी. आत तांदूळ. घराचा जो देव असतो त्याचं ते भांडं, त्यांच्या आईपासून चालत आलेलं. दर वर्षी शरदात नवा तांदूळ दुकानात आला की जुना काढायचा, नवा भरायचा. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताची लोंबी दाराला बांधतात, तसंच काहीसं. बाई देव मानत नसत. "आई देव मानायची," त्या म्हणत. "मी भांडं मानते." भरताना त्या तांदळाला हाका मारत. स्साल. प्सल. पोसाल.

"आधी धाकटं, मग थोरलं?" मी विचारलं. आपल्यात थोरल्यांचं नाव आधी घेतात.

"धाकटं माझ्या हाताशी आहे. त्याचा हात धरून मागे जायचं."

भांड्यातून काढलेला जुना तांदूळ त्या शिजवत. पहिल्या वर्षी मी पातेल्याकडे हात नेला तेव्हा त्यांनी झाकण दाबून धरलं. "हा तुला नाही. राग मानू नकोस. हा घरच्यांनीच खायचा." मी लगेच हात मागे घेतला. आमच्या कुळाच्या देवीचा एक नैवेद्य आहे, तोही उंबऱ्याबाहेर जात नाही. लेकीला लग्नानंतर तो चालत नाही. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्यांची मुलगी त्या दिवसांत कधी येऊ शकत नसे. तो भात बाई एकट्याच खात.

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीला त्यांना झटका आला. जीव वाचला, हातपाय वाचले. तोंडाची उजवी बाजू तेवढी खाली ओघळली. घरी आणलं तेव्हा मी भेटायला गेले. त्या काहीतरी म्हणाल्या आणि मला एक शब्द कळला नाही. ओठ मिटत नव्हते.

त्यांची मुलगी आली होती. चांगली होती ती, थकलेली होती. स्वयंपाकघरात उभं राहून तिने मला सगळं नीट सांगितलं, हळू, मला कळेल असं. आई एकटी राहते. उद्या पडली तर फोन करील, पण समोरच्याला तिचं बोलणं कळणार नाही. घरचं कुणी जवळ नाही. तिच्या गावात म्हाताऱ्या माणसांचं एक चांगलं घर आहे, तिथे खोली ठेवली आहे. हे घर बंद करायचं.

आतून बाई म्हणाल्या, "नो."

नो म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. तो शब्द त्यांना स्वच्छ येत होता.

शेवटी थँक्सगिव्हिंगपर्यंतची, म्हणजे नोव्हेंबरातल्या इथल्या सणापर्यंतची मुदत ठरली. तोवर बाईंनी फोनवर आपलं नाव आणि पत्ता कळेल असा सांगून दाखवायचा. नाही जमलं तर सामान बांधायचं.

बोलायला शिकवणारी एक मुलगी येई. तिने प चे शब्द दिले होते. पेपर, पप्पी, पॉपकॉर्न. बाईंनी ते चित्रांचे कागद उलटे करून ठेवले. उजव्या हाताचं एक बोट ओठाखाली लावलं, ओठ वर ढकलला आणि आपला शब्द म्हटला. हे-साल. मध्ये नुसती हवा. पुन्हा. हे-साल. आरसा आता मी धरायचा होता. त्या बोटाने माझ्याकडे खूण करत, म्हणजे, ओठ मिटले का? मी नाही म्हणे. मी दयेने थांबले तर त्या आरसा हिसकावून घेत आणि स्वतः बघत. मला नाही म्हणायला त्यांनीच शिकवलं, असंच म्हटलं पाहिजे.

दहा वाजता मी त्यांच्या घरी जात असे, ते त्यांनी बंद केलं. त्याऐवजी त्या फोन करू लागल्या. शेजारच्या घरातून. मला फोनची भीती. घरात वाजला तर मी तो कधी उचलत नव्हते, समोरून इंग्रजी आलं तर काय, म्हणून. पण त्या उचलेपर्यंत वाजवत राहत. मग नाव सांगत, पत्ता सांगत, आणि मी जे कळलं ते परत म्हणायचं. सुरुवातीला घराचा नंबर सोडून काही कळत नसे. मी म्हणे, "अगेन." त्या पुन्हा. मी, "अगेन." एकदा सून घरून काम करत होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"आई, तुम्ही कुणावर ओरडताय? आणि इंग्लिशमध्ये?"

"बाईंवर."

"अहो, त्या पेशंट आहेत."

"त्यांना चालतं."

नवा तांदूळ आला तेव्हा बाईंनी दुकानात जायचा हट्ट धरला. सुनेने गाडी काढली. तोंड वाकडं झाल्यापासून त्या पहिल्यांदाच बाहेर पडल्या होत्या आणि माणसं आता त्यांना चुकवत नव्हती, बघत होती. ते जास्त वाईट. त्या सरळ दुकानातल्या माणसापाशी गेल्या, बोट ओठाला लावलं आणि म्हणाल्या, "हेप्साल." तो म्हणाला, "तिकडे, आजी, कोपऱ्यात." आणि आपल्या कामाला लागला. बाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाला कळलं होतं.

पण पत्ता लांब असतो. त्यात रस्त्याचं नाव, गावाचं नाव. दोन शब्दांनंतर बोट दमत असे, ओठ सुटत असे.

थँक्सगिव्हिंगला मुलगी आली. आमच्याकडे माणसं जेवायला होती, तरी बाईंनी दहालाच फोन केला. "ये." तेवढाच शब्द. मला वाटलं, भांडी आवरायला मदत हवी असेल.

मी पोचले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती. मुलगी वरच्या खोलीत फोन घेऊन बसली होती, बाईंनी खालून पत्ता सांगितला होता. आता ती टेबलापाशी डोळे पुसत होती. "मला कळलं, आई. पण मला कळणारच, मी तुझी मुलगी आहे. मदतीच्या फोनवर बसलेल्या अनोळखी माणसाला कळणार नाही. तुलाही माहीत आहे."

बाईंनी वाद घातला नाही. मला त्याचीच भीती वाटली. त्या उठल्या, पातेलं आणलं, टेबलावर तीन वाडगे मांडले. भात वाढला. रंगाने जरा पिवळट, वर्षभर मुरलेला. मी फळीवर पाहिलं. भांड्याला नवा कागद होता.

त्यांनी तिसरा वाडगा माझ्यापुढे सरकवला.

मुलगी कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली, मग माझ्यासाठी इंग्रजीत म्हणाली, "आई, हा तो भात ना? आजी कामवालीला याचा कणही देत नसे."

बाई माझ्याकडे बघत होत्या. चमचा माझ्या हाताशी होता. हे गमतीचं खाणं नव्हतं हे मला कळत होतं. आमच्याकडे असं खाल्लं की त्या घराचं बरंवाईट आपल्यावर येतं, मागे फिरता येत नाही. त्या मला विनंती करत नव्हत्या. नुसत्या थांबल्या होत्या. मी चमचा उचलला आणि खाल्लं. दुसरा घास खाल्ला. वाडगा संपवला.

तेव्हा बाईंनी बोट ओठाला लावलं. एकेक शब्द सुटा करून मुलीला म्हणाल्या, "तू म्हणालीस. घरचं कुणी. जवळ नाही. आता बघ."

मुलगी मला म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे हे काय आहे ते?"

मी आयुष्यात परक्या माणसापुढे एवढं बोलले नव्हते. म्हणाले, "माहीत आहे. घरचा भात. त्या फोन करतील, मी उचलेन. मला कळतं त्यांचं बोलणं. मी जाईन. बर्फ असला तरी. मग तुम्हाला मी फोन करेन, आणि दवाखान्यालाही मीच करेन."

मुलीने आपला वाडगा जवळ ओढला. मग आईला म्हणाली, "ही चीटिंग आहे."

"हो," बाई म्हणाल्या, आणि तिच्या वाडग्यात आणखी भात घातला.

दुसऱ्या दिवशी मुलीने त्या ठेवलेल्या खोलीला नको म्हणून कळवलं आणि घराची एक किल्ली मला दिली. आमच्या घरी यावरून बोलणं झालं. मुलगा चिडला नाही, पण काळजीत पडला. "आई, ही केवढी जबाबदारी आहे. काही झालं तर तुला विचारतील. तू शेजारीण आहेस फक्त. आताही त्यांना सांगता येईल, जमणार नाही म्हणून."

"मी जेवून आले आहे," मी म्हणाले. आपल्यातला मुलगा आहे, त्याला कळलं.

त्यानंतर बाई दोन हिवाळे आपल्या घरात राहिल्या. दोनदा पडल्या. दोन्ही वेळा फोन आला, मला कळलं, मी गेले. एकदा अँब्युलन्सवाल्यांना पत्ता मी सांगितला, न अडखळता. बाई जमिनीवर पडल्या पडल्या माझे उच्चार ऐकत होत्या. बोट न लावता हेप्साल त्यांना शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. बोट लावून त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. सुपलीने बर्फ काढायचंही सोडलं नाही. मी समोर उभी राहून नको म्हणे, त्या नो म्हणत, मग मी घरून दुसरी सुपली आणे.

एका सकाळी दहा वाजून गेले, फोन आला नाही. मी किल्ली घेऊन गेले. त्या आपल्या बिछान्यात होत्या. मुलीला मीच कळवलं.

तिथलं सगळं आटोपून आले आणि डोक्यावरून अंघोळ केली. संध्याकाळी सुनेने विचारलं, "आई, आज देवाला दिवा नाही लावला?"

"मला सुतक आहे."

ती घाबरली. "कुणाचं? गावाहून फोन आला का?"

"बाईंचं."

"अहो, पण त्या आपल्या..." ती थांबली. मग म्हणाली, "मग आम्हाला पण आहे का?"

"तुम्हाला नाही," मी म्हणाले. "तो भात मी एकटीने खाल्ला होता."

दहा दिवस देवाला दिवा सुनेने लावला.